कडधान्यावर घर चालवायचं तर: भाव, भुंगे आणि भिजवणं

कडधान्य स्वस्त असतं, हे वाण्याच्या दुकानातली पाटी बघून पटत नाही. मटकीचा किलोचा भाव दुधाच्या लिटरच्या भावाच्या दुप्पट दिसतो आणि माणूस अर्धा किलो घेऊन परततो. पण किलोचा भाव ही इथे चुकीची पट्टी आहे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं, सुक्या मटकीत दहा टक्क्यांच्या आसपास. पाणी विकत घेणं आणि अन्न विकत घेणं यांची तुलना किलोवर करायची नसते.

त्यापेक्षा दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात ते बघू. खालचे भाव मी हिशेब समजण्यापुरते धरलेत, तुम्ही आपापल्या गावचे घाला. मटकी १२० रुपये किलो धरली आणि शंभर ग्रॅममध्ये सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं, तर दहा ग्रॅम पडतात सव्वापाच रुपयांना. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमला पावणेबारा. साठ रुपये लिटरच्या दुधात लिटरमागे ३२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकोणीस रुपये. चारशे रुपये किलोचं पनीर बावीस रुपयांच्या घरात जातं. सोयाबीनच्या वड्या तीन रुपयांतच भागवतात, पण त्या रोज खाववत नाहीत हेही खरं.

आता गंमत बघा. पंचेचाळीस रुपये किलोची ज्वारी याच पट्टीवर मोजली, तर दहा ग्रॅम प्रथिनं साडेचार रुपयांना मिळतात. म्हणजे भाकरी मटकीपेक्षाही स्वस्त! मग नुसती भाकरी-चटणी खाऊन का भागत नाही?

भागत नाही याचं कारण लायसिन. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यातली नऊ मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. ज्वारी, गहू, तांदूळ या सगळ्यांत लायसिन तोकडं असतं. जे सगळ्यात कमी, तिथेच शरीराचं काम अडतं, मग बाकीची आठ कितीही असोत. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. ते धान्यात बऱ्यापैकी असतं. पिठलं-भाकरी, वरण-भात, मुगाची खिचडी ही जोडपी म्हणूनच टिकली आहेत. दोन्ही एकाच घासात जायला हवीत असं मात्र नाही. सकाळी उसळ आणि रात्री भाकरी खाल्ली तरी दिवसाचा हिशेब जुळतो.

किती खायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००० कॅलरींच्या ताटात धान्य सुमारे २५० ग्रॅम आणि शाकाहारी माणसासाठी डाळी-कडधान्य सुमारे ८५ ग्रॅम, दोन्ही कच्च्या वजनाने. यातून प्रथिनं येतात अंदाजे २५ अधिक १९, म्हणजे ४४ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे घातले की पन्नाशी गाठली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ किलोच्या पुरुषाला ५४ आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम सांगितलेत. वाटीभर दही घेतलं की तेही जमतं. अंगमेहनतीचं काम असेल तर धान्य ३५०-४०० ग्रॅमपर्यंत जाणार, हे शेतात राबणाऱ्याला सांगायला नको.

दोन माणसांच्या घराला यावरून महिन्याला पाच किलो डाळी-कडधान्य आणि पंधरा किलो धान्य लागतं. हा आकडा आधी कागदावर लिहा. घाऊक खरेदीत फसणारी बहुतेक मंडळी हा आकडा न काढताच पोती उचलतात. ज्यांच्याकडे अन्नसुरक्षा कायद्याखालचं प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड आहे त्यांना माणशी पाच किलो गहू-तांदूळ मिळतो, २०२३ पासून फुकट. म्हणजे धान्याची बाजू बरीचशी सुटते. डाळ मात्र तिथे बहुतेक वेळा नसते. पदरचे पैसे तिथेच जातात, म्हणून डोकंही तिथेच चालवायचं.

तुरीवर अडून बसू नये, हा त्यातला पहिला धडा. २०१५ च्या दसरा-दिवाळीत तूरडाळ दोनशे रुपयांच्या घरात गेली होती ते आठवत असेल. तूर शेतात सहा-आठ महिने उभी असते, ती बहुतांश पावसावर येते आणि पाऊस हुकला की बाजारच हलतो. आपण जगात सगळ्यात जास्त डाळी पिकवतो, खातो आणि आयातही करतो. तूर मोझांबिक-म्यानमारहून येते, मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून. सगळ्यांचे भाव एकदम चढतात असं सहसा होत नाही. तूर चढली तर मसूर किंवा हरभराडाळ बरी असते. आमटीत अर्धी तूर-अर्धी मसूर घातली तर घरातल्या चिकित्सकालाही लवकर कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आता खरेदी. वर्षाचं धान्य भरायची जुनी रीत उन्हाळ्यातली, कारण गहू, शाळू, हरभरा तेव्हा नवे येतात आणि अंगणात कडक ऊनही असतं. पण सगळं एकदम भरण्यात अर्थ नाही. मूग, उडीद, मटकी खरिपाची. नवा माल दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात वर्षाची मटकी भरलीत तर आधीच सहा-सात महिने जुनी झालेली मटकी पुढे वर्षभर सांभाळत बसाल. भुसार दुकानदाराला "नवा माल कधी आला?" हे विचारायला लाजू नये. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा वर काढा. वरचा नेहमीच बरा असतो. दाणा दाताखाली धरला तर तो कटकन फुटला पाहिजे, चामट लागला तर ओल आहे. तळहातावर पीठ-भुकटी लागली तर आत कोणीतरी जेवतंय.

हे जेवणारं कोण, तेही बघू. मटकी, चवळी, मूग, हरभरा यांच्या दाण्यावर कधी मोहरीपेक्षा बारीक पांढरे ठिपके दिसतात. बुरशी समजून लोक पुसायला जातात, ते निघत नाहीत. ती भुंग्याची अंडी, दाण्याला चिकटवलेली. अळी अंड्याच्या खालूनच थेट दाण्यात शिरते. बाहेर काहीही दिसत नाही. आतला गर खाऊन ती मोठी होते, आणि उबदार हवेत साधारण महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. एक मादी शंभरेक अंडी घालू शकते. सुरुवात बऱ्याचदा शेतातल्या शेंगेवरच झालेली असते. म्हणून "मी तर नवा कोरा डबा घेतला होता" ही तक्रार टिकत नाही, पाहुणा दाण्यात बसूनच आला होता.

यातून एक जुनी शहाणीव उलगडते: अख्ख्या तुरीपेक्षा तूरडाळ जास्त टिकते. या भुंग्याला अंडी घालायला अख्खा, सालीचा, गुळगुळीत दाणा लागतो. भरडून डाळ केली की त्याचं घरच मोडतं. जास्त दिवस ठेवायचा जिन्नस डाळीच्या रूपात घ्या आणि अख्खं कडधान्य दोन-तीन महिन्यांपुरतंच घ्या. कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी त्याहूनही कमी.

ठेवायचं कसं यावर प्रत्येक घरात एक पक्षकार असतो. कडुनिंबाचा पाला, बिब्बे, लवंगा, राख. तेल लावण्याला मात्र चांगला आधार आहे. अख्ख्या कडधान्याला एरंडेल चोळतात तेव्हा दाण्यावर पातळ थर बसतो, अंडं नीट चिकटत नाही आणि चिकटलेल्याला हवा मिळत नाही. किलोला चहाचा एक चमचा पुरतो. उन्हाचंही तसंच. नुसतं गच्चीवर पसरून दाणा कोरडा होतो, पण आतली अळी मरेलच असं नाही. काळ्या प्लॅस्टिकवर पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिक झाकलं आणि कडा दाबल्या, तर आतलं तापमान पन्नास-साठ अंशांपर्यंत चढतं आणि अळी भाजून निघते. त्यानंतर दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत, नाहीतर झाकणाला घाम सुटतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कडधान्य आणल्याबरोबर आठवडाभर फ्रीझरमध्ये टाकावं. दोन-दोन किलोच्या पिशव्या आळीपाळीने घातल्या तर जागा पुरते.

पण सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे हवाच न ठेवणं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांच्या चवळीसाठी तिपेडी पिशवी तयार केली: आत प्लॅस्टिकचे दोन थर, बाहेर विणलेलं पोतं. औषध काही नाही. आतले किडे श्वास घेऊन घेऊन प्राणवायू संपवतात आणि स्वतःच थंडावतात. ती आता आफ्रिकेत ठिकठिकाणी वापरली जाते. घरी याचा अर्थ एवढाच की डबा घट्ट झाकणाचा हवा आणि गळ्यापर्यंत भरलेला हवा. वीस किलोच्या पिंपात तळाला चार किलो मटकी ठेवली तर भुंग्यांना वरची सगळी हवा मोकळी. त्यापेक्षा दोन-दोन किलोच्या बरण्या काठोकाठ भरा आणि एक संपल्यावरच दुसरी उघडा.

एक इशारा इथेच देतो. गोदामात धुरीसाठी वापरतात त्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी "धान्यात टाका, काही होत नाही" म्हणून दिल्या तर घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावलेली आहेत. पाऱ्याच्या गोळ्यांचाही मोह नको.

साठवण जमली की शिजवण. स्वस्त कडधान्य महाग होण्याची दुसरी जागा म्हणजे गॅस.

न शिजणाऱ्या दाण्यांचे दोन प्रकार असतात आणि दोघांचं दुखणं वेगळं. गणंग दाणा पाणीच पित नाही. त्याचं साल पाणी आत येऊ देत नाही, रात्रभर भिजवला तरी खड्यासारखा तळाशी राहतो. तो वेचून फेका. दुसरा प्रकार जास्त फसवा. हा दाणा भिजतो, फुगतो, दिसायला चांगला असतो, पण चार शिट्ट्यांनंतरही आत कचकच. उष्ण-दमट जागी महिनोन् महिने पडलेल्या राजमा-हरभऱ्याचं असं होतं. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने जोडलेल्या असतात. शिजणं म्हणजे मुख्यतः हे पेक्टिन विरघळणं. जुन्या दाण्यातलं फायटेट मोडतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि ते पेक्टिनला जाऊन घट्ट करतं. बोअरच्या जड पाण्यातलंही कॅल्शियम-मॅग्नेशियम हेच करतं. मराठवाड्यात "या पाण्यात डाळ शिजत नाही" म्हणतात ते शब्दशः खरं आहे. अशा गावात पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी निदान भिजवायला आणि डाळीपुरतं वापरावं.

आंबटाने पेक्टिन आणखी चिवट होतं. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. मिठाबद्दल मात्र उलट समज पसरलेला आहे. भिजवणाच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि सालं मऊ होतात. अट्टल जुन्या हरभऱ्याला चिमूटभर सोडा चालतो, पण चिमूटच, कारण सोड्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही साबणासारखी येते.

कुकरचं म्हणाल तर शिट्ट्या मोजण्याची सवय गॅस खाते. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं. आतलं तापमान तिने वाढत नाही, ते आधीच १२० अंशांच्या आसपास पोचलेलं असतं. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि मिनिटं मोजा. रात्रभर भिजवलेल्या काबुली चण्याला पंधरा-वीस मिनिटं, मटकी-मुगाला त्याहून खूपच कमी. मग गॅस बंद करून कुकर आपोआप उतरू द्या, त्या वेळातही आत शिजणं चालूच असतं. आठवड्यातून दोनदा दोन-दोन कडधान्यं एकदम शिजवून फ्रीजमध्ये ठेवली तर रोजच्या संध्याकाळी फोडणीचंच काम उरतं. नोकरी करणाऱ्या घरात कडधान्याची गाडी इथेच अडते. भिजवायचं रात्री आठवत नाही आणि दुसऱ्या दिवशी वडापाव येतो. त्यासाठी मसूर घरात असलीच पाहिजे, ती न भिजवताही शिजते.

राजम्याबाबत कडक राहा. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं, चार-पाच दाणे कच्चट गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. भिजवलेलं पाणी फेकून खळखळ उकळत्या पाण्यात निदान दहा मिनिटं शिजला की ते निकामी होतं, कुकरमध्ये तर होतंच. परदेशात राहणारी आपली मंडळी मंद आचेच्या विजेच्या भांड्यात सकाळी राजमा लावून ऑफिसला जातात, तिथे मात्र धोका आहे. त्या भांड्याचं तापमान बरेचदा उकळीपर्यंत जात नाही. आधी गॅसवर उकळून मग त्यात घाला.

पोटात वारा धरण्याची तक्रार खरी आहे, पण ती कडधान्य सोडण्याचं कारण नव्हे. यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा पचवायचं एंझाइम आपल्या आतड्यात नसतं. त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि ते वायू करतात. भिजवलेलं पाणी फेकलं की त्यातल्या काही निघून जातात, मोड आणले की आणखी घटतात. कधीतरीच उसळ खाणाऱ्याने सोमवारपासून रोज दोन वाट्या सुरू करू नयेत. अर्ध्या वाटीपासून वाढवत गेलं तर दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं पोट सरावतं. वाल-पावटे मात्र शेवटपर्यंत थोडे त्रासदायकच, पण डाळिंब्यांच्या उसळीसाठी माणूस तेवढं सोसतो.

स्वस्त जगण्यात सगळ्यात मोठी चूक एकाच जिनसावर भिस्त ठेवण्याची. याचा कडवट अनुभव लाखोळीचा आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागात धानाच्या बांध्यांत उरलेल्या ओलीवर लाखोळी येते. दुष्काळात बाकी सगळं करपतं तेव्हाही ती टिकते, म्हणून गरिबाचं तेच अन्न. मध्य प्रदेशात रेवाकडे तर शेतमजुरांना मजुरीच लाखोळीत दिली जाई. तिच्यात मज्जातंतूंना घातक असं एक द्रव्य असतं. थोडी खाल्ली तर काही होत नाही, पण दोन-तीन महिने मुख्य अन्न तेच असेल तर पाय ताठरतात, आणि आलेलं पांगळेपण सहसा परतत नाही. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे कमी विषाचे वाण निघाले, पाण्यात उकळून पाणी फेकण्याची रीतही पूर्वापार होती. पण पांगळे झाले ते ताटात दुसरं काही घेण्याची ऐपत नसलेले.

आपल्या ताटात लाखोळी नसली तरी एकसुरी खाण्याच्या फटी असतातच. बी-१२ कुठल्याच कडधान्यात नाही. दूध, ताक, दही, अंडी यातलं काहीतरी रोज हवं. कोकणात कुळथाच्या पिठीबरोबर भाजलेला सुका बोंबील असतो, त्याने ही बाजू कमी पैशांत सांभाळली जाते. लोह कडधान्यात आहे, पण शरीर ते सहजी घेत नाही. उसळीवर लिंबू पिळलं तर जास्त घेतं, जेवणाला लागून चहा प्यायला तर कमी. कॅल्शियमसाठी आठवड्यात दोन-तीनदा नाचणी. पालेभाजीत काटकसर करू नका, डाळीत वाचवलेले पैसे तिथेच घाला. तेल आणि शेंगदाणे हेही चैन नव्हेत. फक्त धान्य-डाळीत कॅलरी पुऱ्या पडत नाहीत आणि भूक दुपारी चारला परत येते.

हे सगळं जमूनही लोक महिन्याभरात कंटाळतात, कारण त्यांनी पाच कडधान्यांना एकच फोडणी दिलेली असते. उलटं करून बघा. मोडाची मटकी तीच ठेवा. सोमवारी गोडा मसाला-गूळ-आमसूल घालून उसळ. मंगळवारी तिच्याच उरलेल्या पाण्याचा तिखट कट करून फरसाण-कांद्याबरोबर मिसळ. बुधवारी भातात घालून मसालेभात. गुरुवारी ठेचून थालिपिठाच्या भाजणीत. चार दिवस एकच मटकी खाल्ली हे मुलांनाही आईने सांगितल्याशिवाय कळत नाही. कुळीथ, चवळी, हरभरा, मसूर यांच्याही अशा तीन-तीन तऱ्हा हाताशी असल्या की महिना निघतो. मसाला मात्र ताजा आणि चांगला घ्या. काटकसरीच्या स्वयंपाकघरात थोडी उधळपट्टी परवडते ती एवढ्यापुरतीच.